दाजी, इंजिन खरंच थंड चालत होतं

दाजी, तुम्ही गेल्याचा फोन आला तेव्हा माझ्या मनात सगळ्यात आधी शंका आली, हे आज तुम्हालाच सांगून टाकते. अक्का फोनवर नुसती रडत होती. 'जेवून आडवे झाले ते उठलेच नाहीत' एवढं एकच वाक्य तिनं तीनदा म्हटलं. आणि मी, तिची सख्खी धाकटी बहीण, विद्यानगरच्या कॉलेजच्या ऑफिसात फोन कानाला लावून मनात म्हणत होते की उद्या लातूरला डाळ भरायला गाडी न्यायची आहे आणि यांना नेमकं आजच झोपायचं सुचलं. तुम्ही खरंच गेलात हे मला गौलीगुड्याला तुमच्या घरी पोचून, तुमच्या पायांना हात लावल्यावर पटलं. पाय गार होते. मी पुन्हा एकदा हात लावून पाहिला.

तेरावा होऊन आठ दिवस झाले. येणारा प्रत्येक जण तुमच्याबद्दल चांगलंच बोलून गेला. तीस वर्षं सरकारी बस चालवली, एकदा कुणाला खरचटलं नाही, निवृत्त झाल्यावर विधवा मेव्हणीचा ट्रक सांभाळला, असा माणूस होणे नाही वगैरे. मी कोपऱ्यात बसून माना डोलावत होते. त्यातल्या कुणालाही ठाऊक नव्हतं की त्या मेव्हणीनं तुम्ही चालवत होता त्या ट्रकच्या डिझेलच्या टाकीला कुलूप घातलं होतं आणि चावी स्वतःच्या पर्समध्ये ठेवली होती. हे मी मराठीत लिहितेय त्यालाही कारण आहे. माझ्या पोराला मराठी धड वाचता येत नाही, तेव्हा कागद त्याच्या हाती पडला तरी निदान त्याच्या नजरेतून मी उतरणार नाही. बघा, अजूनही मी असलीच.

मी जन्मतः अशी नव्हते. आमचे हे गेले तेव्हा मागं एक ट्रक आणि कॉलेजातली माझी कारकुनी, एवढंच उरलं. सगळे म्हणाले, विकून टाक, बाईमाणसाचं काम नाही. तुम्ही एकटे म्हणालात, 'विकू नको गीता, मी रिटायर व्हायलोच. तोवर ड्रायव्हर कुणीतरी ठेव.' त्या 'कुणीतरी'नं सहा महिन्यांत नवे टायर काढून जुने घातले आणि मला पत्ताही लागला नाही. दुधानं तोंड पोळलं की ताकही फुंकून पितात म्हणतात. मी तर पाणीसुद्धा फुंकून प्यायला लागले. तुम्ही आलात तेव्हा पहिल्याच दिवशी मी तुम्हाला आमच्या ह्यांचा नियम सांगितला: मालक समोर उभा असल्याशिवाय गाडीचा एकही बोल्ट उघडायचा नाही. तुम्ही हसलात. म्हणालात, 'माझ्या साडूचा कायदा आहे, पाळतो. पण त्यो उभा राहायचा तव्हा निदान चाय पाजायचा.'

त्या उन्हाळ्यात झहीराबादच्या चढावर गाडी तापायला लागली. तुम्ही सांभाळून आणलीत, आणि आपण करीमभाईंच्या गॅरेजात गेलो. ट्रक-अड्ड्यावरचे सगळे ड्रायव्हर त्यांच्याकडेच जातात, एवढ्या एका कारणावरून मला त्यांचा संशय होता. त्यांनी माझ्यासमोर बोल्ट उघडले आणि मुठीत मावेल एवढी एक पितळी चकती माझ्या तळहातावर ठेवली. इंजिनातून पाणी रेडिएटरकडे जातं त्या तोंडाशी ती बसलेली असते. थर्मोस्टॅट. ती बंदच अडकून बसली होती, त्यामुळे तापलेलं पाणी गार व्हायला रेडिएटरकडे जातच नव्हतं. करीमभाई म्हणाले, नवा टाकायला लागेल.

मला वाटलं, झालं सुरू. चांगली वस्तू बिघडलेली म्हणून दाखवायची आणि नवी खपवायची. मी म्हटलं, 'नवा कशाला? काढूनच टाका की. पाणी सरळ गार व्हायला जाईल. इथं काय काश्मीर आहे?'

'नक्को गीतम्मा,' ते म्हणाले. 'गर्मी का मुल्क है तो क्या हुआ, इंजिन को भी अपना बुखार होना. ये निकाले तो गाडी ठंडी चलती, डिझेल पीती.'

'असू दे गीता, टाकून घेऊ नवा,' तुम्ही म्हणालात. आणि मी तुमच्याकडे असं पाहिलं की तुम्ही पुढचा शब्द गिळलात. दोघं मिळून बोलतायत म्हणजे दोघांचं काहीतरी ठरलंय, असं माझं गणित. करीमभाईंनी खांदे उडवले, रिकाम्या तोंडावर झाकण लावलं, बोल्ट कसले. गाडी तापायची थांबली. मी महिनाभर कॉलेजात सांगत फिरत होते की गॅरेजवाल्याला कसा धडा शिकवला.

आणि मग, करीमभाई नवा खपवत होते एवढं लक्षात ठेवून, जुना मीच काढायला लावला हे मी चक्क विसरले. हे खरं वाटणार नाही तुम्हाला, पण विसरले. माणूस दुसऱ्याच्या चुका लक्षात ठेवण्यात गुंतला की त्याला स्वतःच्या ठेवायला जागा उरत नाही.

पावसाळा सरला, थंडी आली आणि गाडी जास्त डिझेल खायला लागली. तोच रस्ता, तीच डाळ, तेच तुम्ही. मी विचारलं तर तुम्ही म्हणालात, 'इंजिन थंड चालायलंय. सुई वरच येईना. तो थर्मोस्टॅटचा वॉल बसवून घेऊ, म्हणलं व्हतं मी.' मला हसू आलं होतं. गाडी तापते अशी तक्रार ऐकली होती. थंड चालते ही कसली तक्रार? उद्या म्हणाल, ब्रेक फार चांगले लागतात, म्हणून उशीर झाला. तुम्ही दुसऱ्यांदा सांगितलंत तेव्हा मी पक्कंच केलं की करीमभाईंचा तो थर्मोस्टॅट खपवायला तुम्ही निघालाय आणि डिझेल कुठल्यातरी धाब्यामागं विकलं जातंय.

पण बोलणार कुणाला? आपलेच दात आणि आपलेच ओठ. अक्काच्या नवऱ्याला चोर कसं म्हणायचं? म्हणून मी तोंड उघडलं नाही, कुलूप आणलं. टाकीच्या झाकणाला बसतं तसलं. निघताना माझ्यासमोर डिझेल भरायचं, पूर्वी जेवढं लागायचं तेवढंच, आणि चावी माझ्याकडे. 'हल्ली रस्त्यात चोऱ्या लई होतात दाजी,' मी म्हटलं. तुम्ही त्या कुलपाकडे पाहिलंत, मग माझ्याकडे. 'हौ,' म्हणालात. 'होतात.'

तुम्ही तेव्हा भांडायला हवं होतं, दाजी. माझी तुमच्याविरुद्ध पहिली तक्रार हीच आहे. माझ्यावर ओरडायचं, चावी फेकायची, 'चालव तुझी गाडी तूच' म्हणायचं. गप्प बसणाऱ्या माणसाबद्दल संशय वाढतो, एवढं तीस वर्षं प्रवाशांत घालवून तुम्हाला कळलं नव्हतं का?

मग ती झहीराबादची सकाळ. तुमचा फोन आला, 'गीता, डिझेल संपलं.' मी पहिलं काय विचारलं आठवतंय? 'तुम्ही कुठं आहात' नाही, 'बरे आहात ना' नाही. विचारलं, 'कसं संपलं?' रजा टाकून, बस पकडून मी चावी घेऊन आले. तुम्ही रस्त्याच्या कडेला दगडावर बसला होतात, कानाला मफलर, शेजारी डिझेलनं भरलेला डबा. पंपावर जाऊन तुम्ही डबा भरून आणला होता, पण टाकीला कुलूप. दोन तास भरलेला डबा शेजारी घेऊन तुम्ही बसून होता. मी म्हटलं, 'तोडायचं की कुलूप.' तुम्ही म्हणालात, 'कुलूप तुझं हाय.'

रेडिएटरच्या पुढं तुम्ही एक पुठ्ठा दोरीनं बांधला होता. हे काय म्हणून विचारलं तर म्हणालात, 'त्याला थंडी वाजती. मला मफलर, त्याला पुठ्ठा.' तुम्ही थट्टा करत होता आणि मला वाटलं, नाटक. वारा आत जाऊ नये, इंजिन जरा तरी तापावं म्हणून जुने ड्रायव्हर असं करतात, हे मला करीमभाईंनी आत्ता सांगितलं.

आणि त्याच्यापुढचं, जे मी तेव्हा कुणालाच सांगितलं नाही. डिझेल टाकीत ओतून झालं आणि माझी नजर रिकाम्या डब्यावर गेली. ट्रकमध्ये डबा म्हणजे काढलेलं डिझेल न्यायची सोय. मी म्हटलं, 'हा डबा कुणाचा?' तुम्ही म्हणालात, समोरच्या धाब्यावाल्याचा, परत द्यायचाय. मी म्हटलं, 'चला, मी पण येते.' डबा मी हातात घेतला आणि धाब्यावाल्याला, तुम्ही शेजारी उभे असताना, विचारलं की हे नेहमी येतात का, थांबतात का, काय काय देतात-घेतात. तो तेलुगू माणूस गोंधळून म्हणाला, 'आते अम्मा, चाय पीते, जाते. बस.' तुम्ही त्याच्या मागच्या भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहत होता. मी तुमच्याकडे पाहिलं तर तुमचे कान लाल झाले होते.

परतताना मी तुमच्या शेजारी केबिनमध्ये बसले. डिझेल पूर्ण संपलं की आत हवा शिरते. ती काढायला तुम्ही बराच वेळ हातानं पंप मारला होता, आणि बोटांची सालटी निघाली होती. वाटेत सदाशिवपेठ गाव लागलं. तिथं गाडी कडेला घेऊन दोन पेरू आणलेत, मोठा मला दिलात. म्हणालात, 'गीते, शंका चांगली. एकट्या बाईला पाहिजेच. पण तिला एखाद्या दिवशी सुट्टी देत जा. ती बी थकती.'

मी पेरू कापून पाहिला, आत कीड आहे का म्हणून. नव्हती.

त्यानंतर लागोपाठ तीन शनिवार तुमचा फोन आला. 'उद्या गॅरेजला येतीस का? एक काम हाय, तुझ्यासमोर करायचं.' मी विचारायची, कसलं? 'ये तर. सांगितलं तर येणार नाहीस. अर्ध्या तासाचं काम हाय.' न सांगता बोलावतायत म्हणजे काहीतरी गळ्यात मारायचंय, हे मला लगेच कळलं. पहिल्या रविवारी मी पाहुणे आले म्हटलं. दुसऱ्या रविवारी कंबर दुखतेय. तिसऱ्यांदा कारणही दिलं नाही, फोनच उचलला नाही. त्या रविवारनंतरच्या मंगळवारी तुम्ही जेवून आडवे झालात.

तेराव्यानंतर नवा ड्रायव्हर बघायचा म्हणून मी केबिन रिकामी करायला गेले. खरं सांगू? मी झडती घ्यायला गेले होते. आता तरी काहीतरी सापडेल आणि माझं बरोबर होतं असं निदान स्वतःला सांगता येईल. सीटखालच्या पेटीत तुमचा मफलर होता, बोल्ट उघडायचे दोन पाने, अक्कानं दिलेली लोणच्याची रिकामी बरणी, घडी करून ठेवलेला तो पुठ्ठा. आणि पुठ्ठ्याखाली एक सीलबंद खोकं. आत नवाकोरा थर्मोस्टॅट.

मी तो घेऊन सरळ अक्काकडे आले. तुम्ही मागं ठेवलेल्या वस्तूचीसुद्धा मला खात्री करून घ्यायची होती. करीमभाईंना फोन लावून विचारलं की हा चालतो का नाही ते कसं ओळखायचं. ते म्हणाले, पातेल्यात पाणी ठेवा, त्यात बुडवा आणि बघत बसा. अक्कानं दुधाचं पातेलं दिलं. आम्ही दोघी बहिणी गॅसजवळ उभ्या. पाणी कोमट झालं, काही नाही. वाफ यायला लागली, तरी तोंड घट्ट मिटलेलं. मी म्हणणारच होते, 'बघ, खराब माल,' तेवढ्यात, पाण्याला नुसती बारीक बुडबुड सुरू झाली असताना, त्याची चकती आपोआप उचलली गेली. हळूच, कुणी आतून दार लोटावं तशी. करीमभाई म्हणतात, आत मेण असतं. ठरल्या गर्मीला ते वितळतं, फुगतं आणि वॉल उघडतं. गार झालं की आक्रसतं, स्प्रिंग वॉल मिटवते. इंजिन पुरतं गरम होईपर्यंत पाणी आतल्या आतच फिरतं, आणि तापलं की मगच रेडिएटरकडे सोडलं जातं. मी तो काढायला लावल्यापासून पाणी पहिल्या मिनिटापासून गार व्हायला धावत होतं. इंजिनाला अंगात ऊबच धरता येत नव्हती, म्हणून ते डिझेल पीत होतं. तुम्ही दोनदा सांगितलंत तेच. चोर तर गाडीत कुणी नव्हताच, आणि संन्याशाला मी फाशी दिली होती.

अक्का पातेल्यात बघत म्हणाली, 'चांगलं हाय की. हेच्यासाठी बोलवायचे तुला. मला म्हणायचे, गीता आली की बसवतो.' मग म्हणाली, 'तुझ्यावर लई जीव होता त्यांचा. टाकीला कुलूप लावलं ना, तव्हा पण म्हणाले, मीच मागून घेतलं गीताकडून. कुलूप असलं की माझ्यावर कुणाचा आळ येत नाही.'

दाजी, तुमच्या चांगुलपणावरसुद्धा मला शंका आहे. हे तुम्ही माझ्यासाठी नाही केलंत. तीस वर्षं बसभर माणसांचे जीव ज्याच्या हाती सोपवले जायचे, त्याच्या टाकीला बायकोच्या धाकट्या बहिणीनं कुलूप घातलं, हे बायकोला सांगायची तुम्हाला लाज वाटली. म्हणून खोटं बोललात. मी तुम्हाला तुमच्याच घरात खोटं बोलायला लावलं. हे मला त्या गॅसजवळ कळलं, आणि तेव्हा मी पहिल्यांदा रडले. तुम्ही गेलात त्या दिवशी मी रडले नव्हते. मी दाराबाहेरच्या चपला चोरीला जाऊ नयेत म्हणून लक्ष ठेवून होते.

मी गप्प बसू शकले असते. तुमचं खोटं माझ्या सोयीचं होतं. पण गप्प बसून काय होतं ते मी पाहिलं होतं. म्हटलं, 'अक्का, त्यांनी मागितलं नव्हतं. मी लावलं. त्यांच्यावर संशय होता म्हणून लावलं. मला वाटत होतं ते डिझेल विकतात.' धाब्यावरचं पण सांगितलं, डब्याचं पण.

अक्कानं गॅस बंद केला. थर्मोस्टॅट चमच्यानं काढून फडक्यावर ठेवला. 'तरीच झहीराबादहून आले त्या दिवशी जेवले नाहीत,' एवढंच म्हणाली आणि आतल्या खोलीत गेली. चार दिवस तिनं माझा फोन उचलला नाही. हे मला ओळखीचं होतं. फोन न उचलणं मीच शिकवलं होतं.

काल रविवार होता. मी गॅरेजात पोचले तर अक्का आधीच येऊन स्टुलावर बसलेली, पदर घट्ट खोचून. तिला कुणी सांगितलं, मी विचारलं नाही. करीमभाईंनी खोकं पाहिलं आणि डोक्याला हात लावला. 'मेरेच पास से लेके गए थे. मैं बोला अब्भी लगा देतूं, बोले नक्को, गीतम्मा आने दो, उनके सामने खोलना.' आमच्या ह्यांचा कायदा तुम्ही शेवटपर्यंत पाळलात.

मी समोर उभी राहिले. बोल्ट उघडले. आतलं तोंड रिकामं होतं, मी ठेवलं होतं तसंच. थर्मोस्टॅट बसला, झाकण लागलं, पाणी भरलं, आणि करीमभाईंनी गाडी चालू करून अक्काला रेडिएटरच्या वरच्या पाइपावर हात ठेवायला सांगितलं. 'थंडच हाय की,' ती म्हणाली. 'ठंडाच होना,' ते म्हणाले, 'अब्भी दरवाजा बंद है.' बराच वेळ ती तशीच उभी होती, तापातल्या माणसाला हात लावून बसावं तशी. मग एकदम तिनं हात मागं घेतला. मी केबिनमध्ये चढून पाहिलं. सुई वर आली होती आणि मधोमध येऊन थांबली होती.

मी पर्समधून टाकीची चावी काढली आणि अक्कापुढं धरली. काय करायचं ते तिनं करावं, फेकायची तर फेकावी. तिनं घेतली नाही. म्हणाली, 'कुलूप राहू दे. रस्त्यावर चोर असतातच. चावी तेवढी गाडीत ठेव. जो चालवील त्याच्याजवळ.' मी ती आरशाच्या दांडीला तुमच्या मफलरच्या दशीनं बांधली. नव्या ड्रायव्हरचं नाव अजून ठरलेलं नाही. दोघं येऊन गेले, दोघंही मला संशयास्पद वाटले. पण चावी तिथंच राहील.

निघताना करीमभाई सवयीनं म्हणाले, 'देख लो गीतम्मा, सब बोल्ट तुम्हारे सामने कसे.' मी म्हटलं, पाहिलं. आणि सवयीनं मीही, पहिला बोल्ट उघडला तेव्हाच, फोनवर घड्याळ लावून ठेवलं होतं. शेवटचा कसेपर्यंत सत्तावीस मिनिटं झाली. तुम्ही अर्धा तास म्हणाला होतात.